चौकोनांच्या जागी अक्षरं

सेंगकांग, १२ जानेवारी २०१८

दाएंग,

पाकीट फाडायच्या आधी एकदा वाच. फोनवर आपल्या दोघी बहिणींचं काय होतं ते तुलाही माहीत आहे. मी "दाएंग" म्हणते, मला रडू फुटतं आणि तू फोन ठेवतेस. ताजुद्दीन भावजी गेले तेव्हाही तेच झालं. तू एवढंच विचारलंस, "अंबोंनी काही निरोप दिलाय?" आणि बापाचा निरोप नव्हता, म्हणून मी गप्प बसले. सहा वर्षं झाली, त्या गप्प बसण्याची लाज अजून जात नाही. म्हणून आता कागद. शेजारचा हाम्झा तुमच्या तावाऊला भावाकडे निघालाय, पारेपारेहून मंगळवारचं जहाज आहे. त्याच्या हाती देते.

अंबो बरे आहेत. एकोणऐंशी पूर्ण झाली. घराच्या पायऱ्या अजून कठड्याला हात न लावता चढतात, आणि कुणी हात द्यायला गेलं तर त्याच्यावरच खेकसतात. पण डोळे गेलेत. म्हणजे पूर्ण नाही. नजरेच्या बरोबर मधोमध काळा डाग आहे आणि कडेकडेने दिसतं. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, यावर शस्त्रक्रिया नाही.

घरची पोथी तुला आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी तळं चढलं तेव्हा पेटी भिजली, खालची पानं एकमेकांना चिकटली आणि काजळीची शाई पसरली. तरी मी ती सुटी करून वाळवली. पण वाचणार कोण? गेल्या वर्षी हाजी मुस्तारींच्या नव्या घरात पाठ होता. अंबोंनी पहिलं पान गायलं, दुसरं गायलं, तिसरं उलटलं आणि थांबले. लोकांना वाटलं दम घेतायत. मला कळलं, पाठ असलेलं तिथे संपलं होतं. "आज घसा बसलाय," म्हणाले आणि पोथी बांधली. त्यानंतर कुणाच्या घरी गेले नाहीत.

म्हणून मी ठरवलं, सगळी पोथी कॉम्प्युटरवर उतरवायची. स्क्रीनवर अक्षर हवं तेवढं मोठं होतं, बशीएवढं केलं तर अंबोंना कडेने दिसेल. आठवड्यातून एक तास मी शाळेत मुलांना आपली लोंतारा लिपी शिकवते, तेव्हा शाळेच्याच कॉम्प्युटरवर सुरुवात केली. चार ओळी टाइप केल्या, वेबवरच्या पानावर चढवल्या आणि उघडून बघते तर नुसते चौकोन. एकाला एक लागून, रिकामे. वर्गातली पोरं म्हणाली, "गुरू, ही फरशी कुणी बसवली?"

अंबोंना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे त्या यंत्राच्या लेखी आपण नाहीच."

तसं नाही, हे मला नंतर कळलं. फॉन्ट तयार करणारी एक मुलगी मदत करते आहे. तुमच्याच बाजूची आहे, सबाहची. फार हुशार. ती सांगते, जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एकेक क्रमांक दिलेला आहे आणि तो सगळ्या कॉम्प्युटरांवर सारखाच. आपल्यालाही मिळालेत: तेवीस अक्षरं, पाच स्वरांच्या खुणा, दोन विरामाच्या. तीस क्रमांक. तू शाळेत होतीस तेव्हा नव्हते, आता आहेत. "चौकोन म्हणजे 'ओळखत नाही' असं नाही, मावशी," ती म्हणते. "ब्राउजर अक्षराला क्रमांकाने ओळखतो. फक्त त्याचं चित्र कसं काढायचं ते या कॉम्प्युटरमध्ये कुणी ठेवलेलं नाही."

मला मावशी म्हणते. सगळ्यांनाच म्हणत असेल.

तुझी वाफा कशी आहे? ती कॉम्प्युटरचंच काहीतरी शिकली असं ऐकलं. कुणाकडून ते विचारू नकोस.

बेस्से


सेंगकांग, ६ मार्च २०१८

दाएंग,

हाम्झा परत आला. म्हणाला, तू पत्र घेतलंस, बिस्किटांच्या डब्यात ठेवलंस, त्याला चहा दिलास आणि तळ्याला पाणी किती आहे ते विचारलंस. मला तेवढं पुरे.

आता कबूल करते. ती मुलगी वाफाच आहे. मागच्या पत्रात मी तुला काय खेळवत होते कोण जाणे, तू पहिल्याच ओळीत ओळखलं असशील. दोन वर्षं आम्ही एकमेकींना लिहितो. मीच तिला शोधून काढलं. तुला सांगायचं नाही ही अटही माझीच, तिची नाही. तिला बोलू नकोस. जे काय बोलायचं ते मला लिही, शिव्या असल्या तरी चालतील.

आणि आता थोडं तुझ्या लेकीबद्दल ऐक, कारण ती तुला हे कधीच सांगणार नाही.

लोंताराचे फॉन्ट आधीच होते. दोन-तीन आहेत म्हणे. तिने सगळे लावून पाहिले. "अक्षरं बरोबर आहेत, पण ऑफिसच्या खुर्च्यांसारखी दिसतात," म्हणाली, आणि स्वतःच तयार करायला बसली. दिवसभर कोटा किनाबालूच्या ऑफिसात काम आणि सुटीच्या दिवशी हे. मी पोथीच्या पानांचे फोटो पाठवायचे. बोरूची रेघ तिरपी जाताना कुठे जाड होते नि कुठे बारीक, हे ती माझ्याकडून मोजून घ्यायची. मी वीस वर्षं ही लिपी शिकवते आहे, मी कधी मोजलं नव्हतं.

चौकोन गेले, अक्षरं आली, मी नाचायचीच राहिले होते. अंबोंच्या हातात टॅब दिला. ते तो गालापाशी तिरका धरतात आणि कोंबडीसारखे एका डोळ्याने बघतात. पहिलीच ओळ बघून म्हणाले, "कुणी मूर्खाने 'ए' मागे बांधलाय."

खरंच होतं. आपली 'ए'ची खूण अक्षराच्या डावीकडे, म्हणजे आधी येते ना? मी हाताने लिहिते तसंच टाइप करत होते, आधी खूण, मग अक्षर. तर ब्राउजरला ती खूण पोरकी वाटायची आणि तो तिच्या बाजूला ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ काढून ठेवायचा, की इथे कुणीतरी असायला हवं होतं. वाफा म्हणाली, "बोलता त्या क्रमाने टाका. आधी अक्षर, मग खूण. उचलून पुढे नेऊन बसवणं हे ब्राउजरचं काम." तसं केलं, तर माझ्या फोनवर खूण पुढे गेली आणि शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर जिथल्या तिथे, अक्षराच्या मागे. अंबोंना नेमकं तेच दिसलं होतं.

"मावशी, हिंदी सिनेमांच्या पाट्यांवरची लिपी पाहिली आहे ना?" वाफा म्हणाली. "तिच्यातही एक खूण अशीच आहे, लिहायची आधी आणि बोलायची नंतर. त्यांचं काम ब्राउजरने केव्हाच शिकून घेतलंय, कारण ते कोट्यवधी आहेत. आपण थोडे. रांगेत मागे उभे आहोत, पण रांगेत आहोत."

मग अंबो आणि ती, असं सुरूच झालं. मध्ये मी. अंबोंना मी सांगितलं होतं, तावाऊकडचं कुणीतरी आहे. आपल्या बोलीत तो आणि ती वेगळं नाहीच, त्यामुळे मला खोटंही बोलावं लागलं नाही. अंबोंनी आपल्या मनाने एक चष्मेवाला बुवा ठरवून टाकला.

"त्याला सांग, 'सा'चा ठिपका टोकावर उभ्या चौकोनासारखा हवा. हा मिरीचा दाणा झालाय."

"त्याला सांग, ओळ पडद्याबाहेर चाललीये. वाचणाऱ्याने काय तिच्या मागे पोहत जायचं?"

तीही अडचण खरीच होती. आपण शब्दांमध्ये जागा सोडत नाही, त्यामुळे ओळ कुठे मोडायची हे ब्राउजरला कळेना. अंबो म्हणाले, "तीन ठिपक्यांच्या विरामावर मोड. आपण श्वास तिथेच घेतो." वाफाने तसं केलं, आणि दुसऱ्या दिवशी अंबो टॅबवरून पहिली दोन पानं गायले. ती पाठ असतात त्यांना. मग तिसरं आलं. ते थांबले नाहीत. दाएंग, मी चुलीवरचा भात तसाच सोडून दारात उभी राहिले. चौथं, पाचवं. सूर तोच. शेवटी टॅब मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "हात चांगला आहे याचा. फार चांगला. अशी तिरकी रेघ मलासुद्धा तरुणपणी येत नव्हती. कुणाचा शिष्य आहे विचार."

मी ते जसंच्या तसं वाफाला पाठवलं. दोन दिवस तिचं उत्तर आलं नाही.

बेस्से


सेंगकांग, २२ एप्रिल २०१८

दाएंग,

झालं ते क्रमाने सांगते.

सगळी पोथी उतरवून झाली. एकशे बारा पानं. वाफा म्हणाली, आता हे सगळ्यांसाठी खुलं करायचं तर शेवटी नावं हवीत: पोथी कुणाची, वाचून कुणी दिली, टाइप कुणी केली, अक्षरं कुणी घडवली. मी म्हटलं, तुझं नाव नको, अजून थोडी थांब. तिने लिहिलं, "मावशी, चार महिने मी लातोंकडून, माझ्या सख्ख्या आजोबांकडून, 'त्याला सांग, त्याला सांग' ऐकते आहे. मला हसू येतं आणि मग रडू येतं. चोरून मिळालेले आजोबा मला नकोत. नाव नसेल तर पान उघडायचं नाही."

हट्ट कुणाचा आहे ते तुला सांगायला नको.

तिने नाव लिहिलं. लोंतारातच. मी अंबोंना काही सांगितलं नाही, वाटलं इतक्या खाली जाणार नाहीत. पण ते अंबो आहेत. पोथी शेवटच्या ठिपक्यापर्यंत वाचल्याशिवाय बांधत नाहीत. दुपारच्या नमाजानंतर पायऱ्यांच्या वरच्या फळीवर बसून बोटाने पान सरकवत होते, आणि मला ऐकू आलं ते माझं नाव, आणि मग, "अक्षरं घडवणारी वाफा, तेन्रीसन्नाची लेक."

चोवीस वर्षांत या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. अंबो वाचण्याच्या ओघात म्हणून गेले. मग बोट थांबलं.

"हे काय आहे?"

मी म्हटलं, "लिहिलंय तेच."

"तुला माहीत होतं."

"हो."

"आंधळ्याला फसवलंस," म्हणाले. टॅब कपाटावर ठेवला, उपडा.

सोळा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताट ठेवलं की जेवायचे, कॉफी ठेवली की प्यायचे. मी मनात म्हटलं, हेच दाएंगने चोवीस वर्षं सोसलं.

आणि आता माझं. त्या सोळा दिवसांत मला हे तुला लिहायची हिंमत आली. ताजुद्दीन आणि तू पळून निघालात त्या सकाळी काका-चुलतभावांनी मला विचारलं होतं, कुठून गेले. सगळ्यांनी कमरेला हत्यार लावलं होतं. मी सोळा वर्षांची होते, घाबरले आणि पारेपारेचं जहाज सांगितलं. ते लोक धक्क्यावर पोचले तेव्हा जहाज सुटून तास झाला होता. तास झाला नसता तर? ताजुद्दीनना त्यांनी जिवंत ठेवलं नसतं. तुला वाटत आलं असेल, ज्या मिनीबसने गेलात तिच्या माणसाने सांगितलं. मिनीबसवाला नव्हता. मी होते.

ही ओळ मी तीन कागदांवर लिहून फाडली. या कागदावर राहू देते.

सतराव्या दिवशी अंबो कपाटापाशी उभे दिसले, हाताने चाचपत. टॅब काढला, मला म्हणाले, "लाव." मी ते पान लावलं. खूप वेळ गालाशी धरून बघत राहिले.

"नाव चुकलंय," म्हणाले.

मला वाटलं, काढून टाक म्हणणार.

"'रा' लिहिलाय. तिथे 'न्रा' हवा. आपल्याकडे त्याला वेगळं अक्षर आहे, हल्ली लोक घाईत 'रा'वर भागवतात. जन्मली तेव्हा मी तिचं नाव स्वतः लिहिलं होतं, पूर्ण लिहिलं होतं. त्या मुलीला सांग, आईचं नाव अर्धं लिहू नये."

मुलीला म्हणाले. त्याला नाही.

मी वाफाला कळवलं. दहा मिनिटांत पान बदललं, आणि लगेच तिचा फोन. "मावशी, मी आयुष्यभर आईचं नाव चुकीचं लिहिलं?"

"तुला लिहायला शिकवलं कुणी?" मी विचारलं. माझी समजूत होती, तू.

"बाबांनी," ती म्हणाली.

बेस्से


सेंगकांग, ३० जून २०१८

दाएंग,

तुझं पत्र आलं. चोवीस वर्षांतलं पहिलं, आणि त्यात दोनच वाक्यं. "अक्षरं त्यांची आहेत. त्यांचं नाव नसेल तर माझंही काढा."

जहाजाच्या गोष्टीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. तू मुद्दाम लिहिलं नाहीस असं मी समजते, आणि त्यासाठी तुझे पाय धरते.

तुझं पत्र येण्याआधीच वाफाने ताजुद्दीनच्या वहीचे फोटो पाठवले होते. मी ते बघतच राहिले. तळ्यावर मासे धरणारा माणूस, शाळेची दुसरी झालेला, आणि ही रेघ! वाफाने सगळी अक्षरं त्या वहीवरून घेतली, पोथीवरून फक्त जाडी तपासली, हे तिने तेव्हाच सांगितलं. ते कसे शिकले तेही सांगितलं. आपल्याकडे मासे द्यायला यायचे, अंबो वर पोरांना शिकवत असायचे, आणि ते खाली, घराच्या खांबांमध्ये बसून फळ्यांच्या फटीतून ऐकायचे, खिळ्याने चिखलात गिरवायचे. मला वाटायचं, पैशांसाठी थांबलेत. फटीतून तू खडू टाकायचीस हे खरं का? आणि 'न्रा' वरून नुसता ऐकून कसा कळणार? म्हणून तो त्यांना कधी आलाच नाही.

ईद झाली, बुरासाच्या भाताची केळीची पानं सोडून झाली, पाहुणे गेले. मग मी अंबोंसमोर बसले आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. वहीबद्दलही सगळं सांगितलं. वाटलं, उठून जातील.

"म्हणजे मी ज्याला चांगला हात म्हणालो," अंबो म्हणाले, "तो त्याचा."

"हो."

मग म्हणाले, "त्याच्या बापाचं नाव काय?"

मला ठाऊक नव्हतं. दाएंग, या घरात एकालाही ठाऊक नव्हतं. आम्ही त्यांना 'तो मासेवाला' याच नावाने ओळखत आलो.

"नाव पूर्ण लिहायचं तर बापाचं लागेल. चल," म्हणाले, आणि टोपी घातली.

मी होडी ठरवली. तळ्याला पाणी उतरलेलं, जलपर्णीतून वाट काढत गेलो. तुझ्या सासूबाई, इंदो मारे, अजून त्याच तरंगत्या घरात राहतात, मधल्या मुलाबरोबर. पुढच्या तराफ्यावर सुकत घातलेले मासे उलटत होत्या. अंबोंना बघून त्या उठल्या नाहीत.

"चोवीस वर्षं तुझी होडी माझ्या दारावरून जातेय, ला सेंगेंग," त्या म्हणाल्या. "एकदा तरी वल्हं थांबवलंस?"

"नाही थांबवलं," अंबो म्हणाले.

"मुलगा मेला माझा. परमुलखात मेला. तेव्हाही गेलास पुढून."

"गेलो."

"मग आज काय विसरलंय तुझं इथे?"

अंबो होडीतच उभे होते. होडी हलत होती, मी त्यांचा सदरा मागून धरून ठेवला होता. म्हणाले, "तुझ्या नवऱ्याचं नाव विचारायला आलोय. तुझ्या मुलाचं नाव लिहायचंय, आणि मला ते अर्धं लिहायचं नाही."

इंदो मारेंनी हातातला मासा खाली ठेवला. "ला माराला," म्हणाल्या. "ताजुद्दीन, ला मारालाचा मुलगा." मग माझ्याकडे वळून, "ए गुरूबाई, त्याला वर घे. म्हातारा बुडला तर पुन्हा दोष माझ्याच घराला."

आत बसवलं, कॉफी दिली. अंबोंनी टॅब काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांना वाचता येत नाही. स्क्रीनला बोट लागलं तसं एक अक्षर फुगून पडदाभर झालं आणि त्या दचकून मागे सरल्या. "जिवंत आहे काय हे!" आणि हसायला लागल्या. मग पदराने स्क्रीन पुसून पुन्हा बोट लावलं, या वेळी मुद्दाम.

"हे सगळं माझ्या पोराचं?"

"त्याचा हात, त्याच्या मुलीची मेहनत," अंबो म्हणाले. "मी पोरांना वर बसवून वीस वर्षं शिकवलं. एकाचाही हात असा वळला नाही. जो वळला तो खाली चिखलात बसला होता, आणि मी त्याला कधी वर बोलावलं नाही."

मी अंबोंना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. इंदो मारेंनी त्यांचा कप पुन्हा भरला.

आता पानावर लिहिलंय: अक्षरांचा हात ताजुद्दीन, ला मारालाचा मुलगा, याचा. वाक्य अंबोंनी सांगितलं, मी टाइप केलं, वाफाने चढवलं. कुठल्याही फोनवर उघडून बघ. तावाऊत, जहाजावर, कुठेही. वाफाने अशी सोय केली आहे की फोनमध्ये फॉन्ट नसला तरी अक्षरं पानाबरोबरच येतात. ज्याने त्याने आधी काही मिळवून ठेवायला नको.

सप्टेंबरात पाठ करायचा म्हणतात. आपल्या घरी नाही, इंदो मारेंच्या तराफ्यावर. तुला आमच्या पायऱ्या न चढायची शपथ असेल तर असू दे. तिथे पायऱ्या नाहीत.

ये.

बेस्से


सेंगकांग, १० सप्टेंबर २०१८

वाफा बाळा,

हे पत्र तुला, कारण ज्या बाईला मी पत्रं लिहीत होते ती आत्ता माझ्यासमोर बसून केळी सोलते आहे आणि "काय लिहितेस, दाखव" म्हणून छळते आहे. फोन करता आला असता. पण हे मला नीट सांगायचंय.

तुझी आई गुरुवारी पारेपारेला उतरली. मी एकटीच गेले होते. आम्ही एकमेकींना ओळखलं नाही, दोघी दुसऱ्याच बायकांकडे चालत निघालो होतो. मग ती म्हणाली, "जाडी झालीस, बेस्से." जहाजाच्या सकाळबद्दल ती वाटेत एकदाच बोलली. म्हणाली, "तू जहाज सांगितलंस, पण ते दुपारचं आहे म्हणालीस. ते सकाळचं होतं. ताजुद्दीन म्हणायचे, पोरीने आपल्याला तास दिला." बाळा, मला दुपारचं म्हटल्याचं आठवत नाही. भीतीने चुकले असेन. पण ती दोघं इतकी वर्षं तसं समजत होती, आणि ती मला जे देते आहे ते मी घेतलं.

आमच्या घरी ती आली नाही. सरळ सासूकडे गेली, आणि दोन दिवस तिथेच. लातोंनी विचारलं नाही. शनिवारी सकाळी पाठ होता. तीस-चाळीस होड्या लागल्या होत्या, पोरं होडीत बसून फोनवर पान उघडून बसलेली. माझ्या वर्गातल्या इर्शादच्या फोनवर चौकोनच दिसत होते, तर सगळे त्याला म्हणाले, तुझा फोन परका आहे. मी बघितलं तर गड्याने फोन घेतल्यापासून ब्राउजर बदललाच नव्हता, त्या जुन्याला पानाबरोबर आलेली अक्षरं घेता येत नव्हती. बदलला, आणि अक्षरं आली. त्याने ती आपल्या आईला दाखवली, आईने होडीतल्या सगळ्यांना.

लातो मधोमध बसले, टॅब गालाशी. तुझी आई इंदो मारेंच्या मागे, खाली मान घालून. लातोंनी सुरुवात केली. आवाज पाण्यावरून लांब जातो ना, पलीकडच्या तराफ्यांवरचे लोकही बाहेर आले. सात पानं गायले. आठव्याला त्यांचा डोळा पाझरायला लागला, ऊन पाण्यावरून स्क्रीनवर येत होतं. त्यांनी अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं. एका वेळी एकच अक्षर मावेल इतकं. सूर तुटायला लागला. मग थांबले.

मी उठणार होते. पण मी गाऊ शकत नाही, तुला माहीत आहे, मी फक्त वाचू शकते.

लातोंनी टॅब उजवीकडे धरला. कुणाकडे बघून नाही, नुसता हात लांब केला. "आठवं पान," म्हणाले. "कुणाला सूर येतो?"

आख्ख्या तळ्यावर तो सूर येणारं दुसरं माणूस एकच होतं, लहानपणी त्यांच्याकडेच शिकलेलं, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

तुझी आई गुडघ्यांवर सरकत पुढे आली. टॅब घेतला. पहिल्या ओळीला आवाज फुटला नाही, पुन्हा घेतला. मग आला, बाळा. जाड झालाय, थोडा खरखरीत, पण वळण तेच, शेवटी उचलून धरायचं ते तसंच. लातो डोळे मिटून ऐकत होते आणि बोटाने मांडीवर ठेका धरत होते.

पानाच्या मध्यावर दोन अक्षरं होती, 'सा' आणि 'रा'. आपण शेवटचं व्यंजन लिहीत नाही, त्यामुळे ती दोन अक्षरं कशीही वाचता येतात. ती 'सरा' म्हणाली. दुःख.

लातोंनी हात वर केला. ती थांबली. सगळे थांबले. आता बोलणार, आता काय बोलणार, असं झालं मला.

"सरांग," लातो म्हणाले. "तिथे घरटं आहे. पुन्हा घे."

तिने ओळ पुन्हा घेतली.

तुझी मावशी,
बेस्से